गाडी थांबवू नका

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या नर्सबाईंना कागद घेऊन बसवलंय. मी सांगते, त्या लिहितात. मध्येच माझं बोलणं सुधारायला जातात. म्हटलं, सुधारायचं वय गेलं, आहे तसं लिहा.

तुझी आई गेली, त्यानंतर तू एकदाही घरी राहिली नाहीस. रात्री बस चालवतेस आणि दिवसा ड्रायव्हरांच्या खोलीत छताकडे बघत पडतेस, असं तुझ्या गाडीवरच्या जोडीदार ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. डेपोच्या साहेबांनीही बजावलंय म्हणे, की रजा घेऊन झोप काढून ये, नाहीतर चाक दुसऱ्याच्या हाती देऊ. खरंच आहे. मागे इतकी माणसं तुझ्या भरवशावर घोरत असतात.

मी बरी आहे. पोटची लेक गेली तरी रडू येत नाही. डोळे कोरडे पडलेत, म्हणून नर्सबाई थेंब घालतात. ते गालावर ओघळले की समोरच्या घरातली बाई मी रडतेय समजून हळहळते. मी तिला हळहळू देते.

घरी ये. आईची खाट नको वाटत असेल तर बाहेरच्या खोलीत अंथरूण घालीन.

माया आहे तेवढीच आहे, तिच्यात आणखी भर घालायला जागा नाही.

तुझी,
आजी


ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी ठीक आहे. ठीक म्हणजे काही दुखत नाही आणि काही गोडही लागत नाही.

प्रश्न आईच्या खाटेचा नाही. मला कुठल्याच खाटेवर झोप येत नाही. आमच्या सीटमागे ड्रायव्हरला आडवं व्हायला गादी घातलेली फळी असते. उत्तररात्री काका चालवायला बसले की मी तिथे पडते. गाडी हलत असली की डोळा लागतो, थांबली की उघडतो. डिझेल भरायला थांबली तरी उघडतो. घर हलणार नाही, आजी.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकावर होते. फोन काकांनी घेतला आणि मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मी घेतली नाही, मुक्कामापर्यंत नेली. उतारूंचं सामान उतरवून दिलं. एक बाई म्हणाल्या, किती अलगद चालवतेस गं. तेव्हापासून आत सगळं तसंच चालू आहे, बंद करायचं राहून गेल्यासारखं.

मला रजा मागवत नाही. चाक काढून घेतलं तर बघू.

थेंब वेळेवर घाल. राग मानू नकोस, एवढीच विनंती.

तुझी,
भिंगरी


ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी जाग आल्यावर तू विचारलंस मी गाडीत कधी चढले, आणि मी म्हटलं आत्ताच. खोटं बोलले. रात्रभर तुझ्याच गाडीत होते. नर्सबाईंनी तिकीट काढून दिलं. तुझा कान धरून घरी आणायचा, असं ठरवून निघाले होते. चढताना तू माझ्या हातातलं तिकीट बघितलंस, वर तोंडाकडे बघितलं नाहीस. तिथेच कान धरायचा माझा जोर गेला.

मग तू दिवे मालवलेस. शेजारच्या परक्या बाईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. दिवसा नुसता हात लागला असता तरी ती अंग चोरून बसली असती. मी खांदा हलवला नाही. बाहेर एका खिडकीत कुणीतरी तान्ह्याला थोपटत फेऱ्या घालत होतं. एका बेकरीत उघडाबंब माणूस भट्टीसमोर उभा होता. दिसले आणि गेले. लेक गेलीय हे तेव्हा मला बोचलंही नाही आणि विसरायलाही झालं नाही. तू रात्रीला का चिकटून आहेस ते कळलं.

काकांनी शेवटचे उतारू उतरवले तेव्हा तुझे डोळे उघडले, छताकडे बघून पुन्हा मिटले. गाडी रिकामी झाली. मी पुढे जाऊन काकांना सांगितलं, आता गाडी थांबवू नका. ते डेपोभोवती फिरत राहिले. दर फेरीला पहारेकरी फाटक उघडायचा आणि काका हात हलवून पुढे जायचे. शेवटी बिचाऱ्याने फाटक उघडंच ठेवलं. तुझं तोंड उघडं होतं, लाळ गळत होती. लहानपणीही अशीच झोपायचीस.

घरी ये असं आता म्हणणार नाही. पण तोंडाकडे बघायला शीक पुन्हा. माझ्यापासून सुरुवात केलीस तरी चालेल.

कमरेचा भुगा झालाय, बाकी क्षेम.

तुझी,
आजी


ता. १ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

जास्तीच्या डिझेलबद्दल साहेबांनी काकांना माझ्यासमोरच विचारलं. काका म्हणाले, डेपोची वाट चुकलो. केस पिकले त्यांचे याच रस्त्यावर! साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. आवरेना. मग ते हसू राहिलं नाही. साहेब पाणी आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. काका खुर्ची ओढून नुसते शेजारी बसून राहिले.

रजा मागितली, मिळाली. शुक्रवारी रात्री निघते, उतारू म्हणून. झोप लागेल की नाही माहीत नाही. खिडकीची जागा घेतलीय. इतकी वर्षं मी फक्त रस्ता बघितला.

दार लोटून ठेव.

तुझी,
भिंगरी