गोळ्यांची माती

कोळवण, ४ मार्च १९६३
पेपरात दीक्षित साहेबांचा फोटो. तळहातावर माझ्या गोळ्या! खाणीत वाया गेलेला लोहखनिजाचा भुगा, भट्टीची काळी धूळ नि चिकणमाती, लोखंड गाळायला. दोन वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत मीच वळत होते. खाली छापलंय, 'साहेबांचं संशोधन'. मला त्यांनीच दिवाळीत काढलं. 'बाईमाणसाला भट्टीपाशी ठेवता येत नाही.' पेपर चुलीत घातला.

९ मार्च
भट्टीवरचा यशवंत एस.टी.नं मुद्दाम आला. "ताई, सायबाच्या गोळ्या भट्टीत फुटत्यात. भुग्यानं वारा कोंडतो, मग जाळ भसकन भाईर." भुवया जळाल्यात त्याच्या. फुटणारच गोळ्या! माती हवी आमच्या भातखाचरातली, काळी. मीच न्यायचे पिशवीतून. दीक्षितांना वाटलं बाजारातली. इतकी हसले की वहिनी घाबरली.

१४ मार्च
दी. जीप घेऊन दारात. तेव्हा 'अहो बाई', आज 'कुसुमताई'. वहिनीनं गूळ-पाणी दिलं.
"माती कुठली तेवढं सांगा. सोमवारी दिल्लीचे पाहुणे गोळ्या बघायला येतायत."
टेकाडावरचा तांबडा मुरूम दाखवला. स्वतः फावडं धरून पोती भरली त्यांनी.
दादा मागाहून म्हणाला, "मुरूम कवा चिकटतुया का? खोटं का बोललीस?"
"पाहुण्यांसमोर तोंड काळं होऊ दे त्यांचं."
फार बरं वाटलं आज.

१७ मार्च, रविवार
जेवण गेलं नाही. उद्या भट्टीच्या तोंडाशी दी. थोडेच असणार? यशवंत असणार.
दादाकडून काळ्या मातीचं पोतं भरून घेतलं. "आता देनार व्हय सायबाला?"
पोत्याचं तोंड सुतळीनं शिवून टाकलं.

१८ मार्च, कारखान्याचं फाटक
पहिल्या गाडीनं आले. आधी यशवंताला गाठून बजावलं, त्या गोळ्या मुरमाच्या आहेत, भट्टीत घालू नकोस. त्यानं फावडं टाकलं. बाकीचेही हटले. दी. धावत फाटकावर.
"माती आणलीत? द्या, नव्या गोळ्या वळून घेतो! पाहुण्यांना दुपारपर्यंत थोपवतो."
"आधी त्यांना सांगा, गोळ्या कोणाच्या."
"सगळ्यांसमोर?"
"सगळ्यांसमोरच."
घाम पुसत आत गेलेत. मी पोत्यावर बसून लिहितेय. त्यांनी सांगितलं, तरी माती द्यावी की तशीच परत न्यावी, अजून ठरलं नाही.