मुखपृष्ठावरचे बाबा

बाबा,

"पुरुषासारखा चाल," असं तुम्ही मला कायम ऐकवलंत. काल ग्रंथालयात मी व्यायामाची जुनी मासिकं लावत होतो. एक आजोबा एका मुखपृष्ठाकडे बघून हसले. त्यावर तेलानं चकाकणारे, छाती फुगवलेले तरुण तुम्ही होतात.

"व्यायाम कुणाला करायचा होता?" ते म्हणाले. "आमचा जीव पुरुषांवरच जडायचा. हे अंक गादीखाली लपवायचो. बघायला दुसरं मिळायचंच काय?"

माझे कान तापले. "हे माझे वडील," मी म्हणालो.

ते ओशाळले. मग मीच म्हणालो, "मीही तुमच्यातलाच."

त्यांनी मला खुर्ची ओढून जवळ बसवलं. तेव्हापासून चैन नाही. परक्याला एका दमात सांगितलं, आणि रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा फक्त तुमच्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं.

तुमचा,
धाकटा