चित्राच्या कोपऱ्यातलं पॉलिश

९ नोव्हें., रवि.
फिंतासच्या व्हिलात नवीन काम. पॉलिशचं. नऊ दारं, एक कपाट आणि हॉलमधल्या चित्राची चौकट. चित्र आडवं, दोन दारं जोडून ठेवावीत एवढं. हॉलंडचं, दीडशे वर्षांचं, घरच्या मॅडमच्या सासऱ्यांनी आणलेलं, असं हमीदचाचा म्हणाले. चाचा इथले ड्रायव्हर, आपल्या रत्नागिरीकडचे. मॅडमचं अरबी तेच मला सांगतात.
फोरमनने सकाळीच दम दिला. इथे धड केलंस तर पॉलिश मिस्त्री म्हणून ठेवतो, नाहीतर लांब वाळवंटात वफ्र्याला शेतावर शेड बांधायला पाठवतो. आखातात आल्यापासून वर्षातली ही तिसरी साइट. माझं कुठे टिकतच नाही.

१० सोम.
जेवून चित्रच बघत बसलो. लढाईचं आहे पण लढत कोणी नाही. किल्ल्याच्या दारातून सैनिक बाहेर चाललेत, झेंडे घेऊन, ढोल वाजवत. बाहेर दुसरे रांगेत उभे. त्यांचा साहेब पांढऱ्या घोड्यावर, टोपी काढून हातात. मी म्हटलं ढोलवाले जिंकलेले दिसतात.
चाचा हसले. "अरे, ते हरलेत. किल्ला सोडून चाललेत."
"मग टोपी काढणारा?"
"तो जिंकला."
"जिंकल्यावर टोपी कशाला काढतो?"
"ते त्याला विचार. मी गाडी चालवतो."
अजून कळलं नाही.

१२ बुध.
घोटाळा केला. चौकट पुसता पुसता डाव्या कोपऱ्यात चित्रावरच स्पिरिटचा बोळा फिरवला. चुकून, असं कसं लिहू? जुनं काळपट पॉलिश दिसलं की हात थांबत नाही, आधी ते काढायचं हेच शिकलोय. तपकिरी निघालं. आणि खालून माणूस! दगडावर बसलाय, एक बूट काढून पायाला फडकं गुंडाळतोय. समोर एवढा साहेब टोपी काढतोय, ह्याचं लक्षच नाही.
पण शेवटच्या बोळ्यावर थोडा लाल आला. पॉलिशमध्ये लाल कुठून? त्याचा कोट लाल आहे.
कोपरा दिसू नये म्हणून कपाटाचं सुटं दार टेकवून आलो.

१३ गुरु.
मॅडमने ते टेकवलेलं दार सरकवलं. मी मेलोच. वाकून किती वेळ बघत होती. मग चाचांशी भराभर बोलली.
"खूश आहे," चाचा म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हापासून हा माणूस तिने बघितलाच नव्हता. म्हणते सगळं चित्र असंच कर. रविवारपासून."
फोरमनलाही कळलं. संध्याकाळी पाठ थोपटली. असं कोणी केलं की मी वर मान करतो. आज नाही केली.

१४ शुक्र. सुट्टी
रूमवर बसवेना. चाचांना अबू हलीफाला समुद्रावर गाठलं. लालचं सांगून टाकलं.
"म्हणजे बिघडवलंस?"
"तेच तर कळत नाही. घाण काढली की रंग काढला? आणि त्या माणसाला कोणी मुद्दाम झाकला असेल तर?"
"मग गप रहा. तिला आवडलंय."
"पुढे घोडा आहे, साहेबाचं तोंड आहे. तेच पुसलं गेलं तर?"
"मग सांग तिला."
"तुम्ही सांगा ना."
"माझी जीभ घे उसनी. बोलणारा तूच."
सांगितलं तर वफ्रा. नाही सांगितलं तर उद्या-परवा घोडा...

१६ रवि.
बाटली उघडली. परत बूच लावलं. मॅडम आली तेव्हा चाचांना म्हटलं, सांगा तिला, मी दारं-कपाटं करणारा. चित्रातलं मला काही कळत नाही. त्या दिवशी रंगही निघालाय.
माझी तीन वाक्यं. चाचा चांगली पाच मिनिटं बोलत होते. काय काय घातलं त्यात देव जाणे. मॅडम माझ्याकडे बघेचना. बसलेल्या माणसाजवळ बोट नेलं, लावलं नाही. मग चाचांशी थोडंसंच बोलली.
चाचा म्हणाले, "उद्या ये म्हणते. बाटली आणू नको."
"म्हणजे मला कामावर ठेवलं की काढलं?"
"जेवढं ती बोलली तेवढं सांगितलं."
फोरमनचा फोन तीनदा वाजला. चौथ्यांदा उचलला. किती झालं चित्र? म्हटलं, उद्या सांगतो.
दारं झाली, कपाट झालं, चौकटही झाली. मग पॉलिशवाल्याला रिकाम्या हाताने कशाला बोलावलं असेल?