भाईंचा डावा हात

वालावल,
१२ जानेवारी १९९९

ती. दादास,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

तुझ्या जुन्या कॉम्प्युटरचं खोकं रिक्षावाल्या शिवाने कुडाळ स्टेशनावरून आणून दिलं. सोबतच्या पत्रात दोन पानं आपल्या माडांच्या बागेच्या गिऱ्हाइकावर, आणि यंत्रावर एक ओळ, की टीव्हीला जोड, सोपं आहे. सोपं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. वायर जोडली, बटण दाबलं, टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

दिवाळीत अर्धांगाच्या झटक्याने आपल्या भाईंचा उजवा हात आणि वाचा गेली. बुद्धी गेलेली नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. बाराखडीचा तक्ता धरला की भाई मान फिरवतात. जन्मभर कोर्टात इंग्रजी टायपिंग केलेल्या आपल्या वडिलांनी पहिलीतल्या पोरासारखं 'क' का दाखवावं? टाईपरायटरला जोर लागतो, तो डाव्या हातात नाही. तुझ्या यंत्राची बटणं मऊ आहेत आणि अक्षरं त्याच जागी आहेत. म्हणून ते मागवलं, खेळायला नव्हे.

काल रविकांतकाका आले. आपल्या सख्ख्या भावाच्या उशाशी बसून, माझ्या हातचा चहा पीत, माडांची बाग विकून त्यांना तुझ्याकडे कधी हलवायचं ते ठरवत होते. हळू बोला म्हटलं, तर म्हणाले, भाईक आता काय कळता? भाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांना दिसलं नाही.

काय कुठे जोडायचं ते नीट लिही. वहिनीला नमस्कार. मी रागावले आहे, तरी तू माया आहे तशीच ठेव.

तुझी,
वर्षाली


विक्रोळी,
२१ जानेवारी १९९९

चि. वर्षाली हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चिमट्याने धरून वाचलं, इतकं तापलेलं होतं.

टीव्हीची एरियलची वायर काढून तिथे यंत्राची लाव. एक रिकामं चॅनेल धर आणि त्याची बारीक चकती हळूहळू फिरव. मुंग्या जाऊन पांढरा पडदा येईल. मग टेपरेकॉर्डर जोड. यंत्राचा प्रोग्राम खोक्यातल्या कॅसेटवर आहे; तिच्यावर लिहिलेला शब्द टाईप कर आणि कॅसेट चालू कर. आवाज पाऊण ठेव. ते कर्कश किंचाळेल, पण तू चिडल्यावर घरात याहून जास्त आवाज असतो. लिहायचा प्रोग्राम चढला की दाबाल ते अक्षर पडद्यावर उमटेल. लाईट गेली तर सगळं पुसलं जातं.

फार आशा मात्र धरू नकोस. भाईंचं सगळं एकट्या तुझ्यावर किती दिवस टाकायचं? काकांनी बागेचे कागद तयार केलेत. मी शिमग्याला येतो. सही जमणार नाही, अंगठा चालेल.

तब्येतीला जप आणि भावावर थोडी दया असू दे.

तुझा दादा,
सुदेश


वालावल,
९ फेब्रुवारी १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अंगठा! ज्यांनी दुसऱ्यांचे दस्तऐवज एका चुकीशिवाय टाईप केले, त्यांचा अंगठा धरून शाईत कोण दाबणार? तू की काका? तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे भाईंना वाचून दाखवायला घेतलं आणि त्या ओळीशी अडले. त्यांनी डाव्या हाताने कागद ओढून घेतला आणि स्वतः वाचला.

त्याच दिवशी मी यंत्राच्या मागे लागले. पांढरा पडदा आला, पण कॅसेट काही चढेना. आवाज कमी केला, वाढवला. शेजारची जानकी विचारायला आली की मांजर खंय अडाकला काय. एकदा चढली आणि लाईट गेली. मी रडले. लाईट आल्यावर पुन्हा बसले.

शेवटी ते पाटासारखं यंत्र भाईंच्या मांडीवर ठेवलं. बोटं बटणांवर नुसती फिरली आणि मग खाली न बघता दाबू लागली. इंग्रजी अक्षरांत, आपल्या मालवणीत, पहिलं वाक्य उमटलं, की पेजेत मीठ नाय. दादा, इतके दिवस मी त्यांना अळणी पेज भरवत होते आणि ते गिळत होते.

परवा काका गिऱ्हाइकाला घेऊन आले. खोलीत तेच बोलणं, माड किती, विहीर कुठे. भाई लिहीत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. गिऱ्हाईकच थांबला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाला, हे काय लिहिलंय बघा. काकांनी मोठ्याने वाचलं, रविकांत, माका विचारलास? गिऱ्हाइकाने पायात चपला घातल्या. काका त्याच्या मागे उंबऱ्यापर्यंत गेले. मग आत येऊन त्यांनी भाईंचे पाय धरले. मला अजून त्यांचा राग आहे, पण ते मी पाहिलं, म्हणून लिहिते.

खालचा मजकूर भाईंचा. इंग्रजी अक्षरं मी मराठीत केली, बाकी पडद्यावर होतं तसंच उतरवलं आहे.

तुझी,
वर्षाली

चि. सुदेश यास अनेक आशीर्वाद.
बाग विकणार नाही. मुंबईस येणार नाही. वर्षाली एकटी दमते, तिच्या मदतीला बाई बघ. तू वाईट मुलगा नाहीस, घाई केलीस. शिमग्याला मुलांना घेऊन ये, कागद आणू नकोस. माझ्या उशाशी बसून माझ्याविषयी पुष्कळ बोललात. आता माझ्याशी बोल.
भाई