‘गेट’च्या चार चिठ्ठ्या

२ मार्च १९९२, सोमवार

आज वर्गात खोटं बोलले. सातवी ब. धड्यात वाक्य होतं – सूप ‘गॉट’ गार. रादाना स्मोलिकोवाने हात वर केला.

"बाई, परवा तुम्ही म्हणालात, गेट म्हणजे मिळणं. मग सुपाला काय मिळालं?"

वर्ग खुदखुदला. मी म्हटलं, उद्या सांगते, आज वेळ नाही. वेळ होता. घंटा व्हायला अकरा मिनिटं होती. मला येत नव्हतं.

पाच वर्षं रशियन शिकले, दोन वर्षं शिकवलं, आणि आता ते कुणालाच नको. सप्टेंबरपासून शाळेत रशियन बंद. मुख्याध्यापक कुबीचेक यांनी स्पष्टच सांगितलंय – बारा जूनला ओलोमोउत्सला इंग्रजीची परीक्षा पास झालात तर जागा कायम, नाही तर करार संपला. तोवर मी मुलांच्या एक धडा पुढे आहे. कधी कधी अर्धाच.

आई सहकारी गोठ्यात धारा काढते, बाबा साखर कारखान्यात. आमच्या घरात आठवीच्या पुढे गेलेली मीच. "आमची द्राहुश बाई आहे शाळेत," हे गोठ्यातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. गाईंनाही असेल.

४ मार्च

वाचनालयात गेले. गावात मोठा इंग्रजी-चेक शब्दकोश एकच आहे, आणि तो कालच कुणीतरी नेला! कुणी ते विचारलं. तोमेच्कोवाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वाचकांची नावं मी सांगत नाही. तुमचंही कधी कुणाला सांगितलं नाही."

माझं काय सांगण्यासारखं होतं, ते आठवत घरी आले.

ओलोमोउत्सच्या पुस्तकांच्या दुकानात मागणीची यादी आहे. माझा नंबर शरदात लागेल.

१० मार्च

रादानाला कॉपी करताना पकडलं. रादानाला! पहिलीपासून हिला ‘एक’शिवाय, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीशिवाय, गुण नाही.

चाचणी प्राण्यांच्या नावांवर होती. तिच्या बाकावरून एक कागद खाली पडला. मी लक्ष दिलं नाही. तिने उचलला, पुन्हा पडला. तेव्हाही मी खिडकी बंद करत होते. तिसऱ्यांदा तो थेट माझ्या बुटावर येऊन पडला. "अरेरे," रादाना म्हणाली.

नियम म्हणजे नियम. ‘पाच’ दिला, म्हणजे नापास, आणि घरी सही आणायच्या वहीत लाल शाईने शेरा. ती मान हलवून बसली, जशी बसमध्ये तिकीट घेऊन बसावी.

घरी येऊन चिठ्ठी वाचली. एकाही प्राण्याचं नाव नाही. सगळी ‘गेट’वर. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे आपलं चेक. पहिलीच ओळ – सूप गॉट कोल्ड. समोर – विस्तीदला, गार झालं. मग गेट वेट – ज़्मोक्नोउत, भिजणं. गेट अप – व्स्तात, उठणं. गेट लॉस्ट – ज़्त्रातित से, हरवणं. आपल्याकडे एवढी वेगवेगळी क्रियापदं आणि इंग्रजांनी सगळ्यांना एकाच कोटात बसवलंय.

सोबत उदाहरणं. ‘हुडेचेक सर गॉट फॅट.’ ते खरं आहे.

सगळं वहीत उतरवून घेतलं. जप्त केलेला माल वापरणं ही चोरी आहे का? शाळेची नियमावली काढून पाहिली. त्यात सायकली आहेत, च्युइंगगम आहे, हे नाही.

११ मार्च

सुपाचं उत्तर सांगितलं. अगदी सहज सांगितल्यासारखं. रादाना आणि तिच्या शेजारी बसणारा बोहदान एकमेकांकडे बघून फळ्याकडे बघू लागले. तिला स्वतःची चिठ्ठी आठवली असणार. मला लाज वाटली.

१९ मार्च

चिठ्ठी हुडेचेक सरांना दाखवली. जाडीची ओळ अंगठ्याखाली धरून. ते रसायन शिकवतात आणि तीस वर्षं पकडलेल्या चिठ्ठ्या खणात जपतात. पट्टीच्या मागच्या, पेन्सिलीवर कोरलेल्या, सरबताच्या बाटलीच्या लेबलावर आतून लिहिलेल्या.

माझ्या हातातला कागद त्यांनी मान मागे नेऊन पाहिला. "द्राहोमीरा, ही चिठ्ठी आहे की पोस्टर? चिठ्ठी पोस्टाच्या तिकिटाएवढी असते. ही तर मला व्हरांड्यातून वाचता येईल. आणि अक्षर बघ, जसं काही दुसऱ्याला वाचायचंय. ही पोरगी कॉपी करायला जन्मली नाही."

"प्रामाणिक आहे ती मुळात," मी म्हटलं.

"मग कॉपी कशाला करते?"

मी कागद मागे घेतला. अंगठा काढला नाही.

२ एप्रिल

पुन्हा रादाना. पुन्हा ‘पाच’, पुन्हा शेरा. ही चिठ्ठी मिळणं आणि मिळवणं यांवर. दोस्तात म्हणजे कुणी देतं आणि आपल्याला मिळतं. सेह्नात म्हणजे रांग लावून, ओळख काढून, गल्लीबोळ पालथे घालून मिळवावं लागतं. इंग्रजांना दोन्हीला गेट पुरतं. त्यांना न्हाणीघराच्या फरशा कधी शोधाव्या लागल्या नसणार. आईने आमच्या चार वर्षं शोधल्या.

काल नेमका याच दोहोंत मी वर्गात घोटाळा केला होता. बिचारीला माझ्यामुळेच समजलं नसेल. उद्यापासून हळू शिकवायचं.

शब्दकोश अजून बाहेरच. मुदत वाढवून घेतली म्हणे.

२० एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सातवी बची मुलं वेताच्या छड्या घेऊन दारात. परंपरा म्हणून बायकांना मारायचं आणि रंगवलेली अंडी न्यायची. बोहदानने मला इतक्या अदबीने मारलं की आई म्हणाली, "अरे, ती काचेची नाही, गोठ्यातली आहे. लगाव जरा."

ती गेल्यावर बघते तर अंड्यांच्या टोपलीत घडी केलेला कागद. चिठ्ठी! ‘गेट’ आणि लग्न, आजारपण, राग, सवय. आता ही कॉपी धरायची का? चाचणी नव्हती. शाळा नव्हती. माझंच स्वयंपाकघर होतं.

आईने विचारलं, "प्रेमपत्र आहे का?"

"व्याकरण आहे."

"मग टाक की."

टाकली नाही. पाठ केली.

२१ एप्रिल

बोहदानला शेरा दिला नाही. त्याला नाही दिला तर रादानाला दोनदा का दिला? मला कुणीतरी शेरा द्यायला हवा.

१३ मे

रादानाच्या आईला बोलावलं. पोस्टात असतात. खुर्चीच्या कडेला बसल्या, जशी माझी आई बसायची शाळेत.

मी म्हटलं, "रादानाला ‘गेट’ फार जड जातंय. दोनदा चिठ्ठी सापडली."

"जड? रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तेच तर असतं. बोहदान येतो, ती सिल्वी येते, हा एवढा जाड ग्रंथ उघडतात. मला बटाटे ठेवायला जागा नाही. परवा मला म्हणते, आई यू गॉट अँग्री. म्हटलं, झाले, आता उचला ते."

"मग कॉपी कशाला?"

स्मोलिकोवाबाईंनी पर्स उघडली, बंद केली. "वय आहे, बाई. तुम्ही शेरा लिहा, मी सही करते." आणि हसल्या. त्यांना हसू कसं आलं कुणास ठाऊक.

एवढा अभ्यास करून कॉपी करणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. काळजी वाटते.

२९ मे

रादाना, तिसऱ्यांदा. आज चाचणीच नव्हती. आम्ही गाणं म्हणत होतो! चिठ्ठी तिने जवळजवळ हातातच दिली. मी विचारलं, "रादाना, हे काय आहे?" ती म्हणाली, "कॉपी, बाई." मागून सिल्वी म्हणाली, "लाल शाई संपली असेल तर माझ्याकडे आहे."

उद्धटपणा. ‘पाच’ दिला, शेरा लिहिला. तीन शेरे आणि तीन पाच. वर्षाच्या निकालात हिला आता ‘एक’ देता येत नाही. नियम माझा नाही.

ही चिठ्ठी सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड. यातलं निम्मं सातवीच्या पुस्तकात नाहीच. शेवटची ओळ – शी विल गेट थ्रू. समोर – ज़्व्लाद्ने तो, ती निभावून नेईल. ती कोण ते लिहिलेलं नाही. रादानाची आजी दवाखान्यात आहे म्हणे, तिच्याबद्दल असेल. बरी होवो.

१२ जून

पास!

क्रमानेच लिहिते. सकाळच्या गाडीने ओलोमोउत्स. बाबांनी स्टेशनपर्यंत बॅग आणली, म्हणाले, "नाहीच झालं तर कारखान्यात वजनकाट्यावर जागा आहे, मी विचारून ठेवलंय." त्यांना धीर द्यायचा होता.

टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या. उचलली तिच्यात उतारा – सोळा ओळींत अकरा ‘गेट’. परीक्षक बाई वयस्कर, समोर थर्मासमधला चहा. मी एकेकाला आपलं क्रियापद देत गेले. भिजली, हरवली, सवय झाली, रांगेत उभं राहून मिळवलं. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"सेह्नात आजवर कुणीच वापरलं नाही इथे. सगळे दोस्तात म्हणून मोकळे होतात. कुणाकडे शिकलात?"

खोटं बोलावं, असं क्षणभर वाटलं. मग खरं सांगितलं – मुलांकडून जप्त केलेल्या चिठ्ठ्यांवरून.

त्या इतक्या हसल्या की चहा कागदांवर सांडला. "मग त्या मुलालाही आजच पास करून टाका."

"मुलगी आहे. तिला मी तीन शेरे दिलेत."

"नियमाने वागलात," त्या म्हणाल्या. पण हसायच्या थांबल्या होत्या.

१५ जून

गोठ्यातल्या बायकांनी केक पाठवला. वर्गात बातमी सांगितली तर सातवी ब बाकं बडवायला लागली. कुबीचेक सर धावत आले, त्यांना वाटलं मारामारी. मुलांना माझ्या परीक्षेचं एवढं काय? सुट्टी जवळ आली, दुसरं काय.

निकालाची नोंदवही भरून टाकली. शाईने. रादाना स्मोलिकोवा, इंग्रजी – दोन.

१६ जून

वाचनालयात गेले. शब्दकोश आला होता. तोमेच्कोवाबाईंनी प्रतीक्षायादीतलं माझं नाव खोडलं आणि पुस्तक पुढे सरकवलं. "घ्या. आता सांगायला हरकत नाही, सातवी बने आज सकाळीच परत केला. मार्चपासून आळीपाळीने मुदत वाढवत होती. ती स्मोलिकोवा म्हणाली, बाईंची परीक्षा झाली, आता लागणार नाही."

नोंदवही उद्या आठ वाजता कुबीचेक सरांकडे जायची आहे. तिच्यात खाडाखोड चालत नाही, मला माहीत आहे. पण शाई खरवडायला बाबांचं दाढीचं ब्लेड नवीन आहे.