नोमसाने विचारलेलं कूळ

सीब, गुरुवार, १३ नोव्हेंबर

मन थाऱ्यावर नाही. संध्याकाळी नोमसाला एअरपोर्टवर सोडून आले. आमच्या ऑफिसात ड्रॉइंग करते ती, दक्षिण आफ्रिकेची, खोसा समाजातली. काल तिची आई गेली. गाडीत ती आपल्या कुळातल्या पूर्वजांची नावं एकामागून एक पुटपुटत होती. त्यांच्यात धीर द्यायला, आभार मानायला माणसाला कुळाच्या नावाने हाक मारतात. लग्न झालं तरी बाईचं कूळ माहेरचंच राहतं.

उतरून चेक-इनच्या रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा म्हणाली, "तुझे आभार मानायचेत. कूळ सांग."

कूळ म्हणजे आमच्याकडे आडनावच. हा प्रश्न मी पुण्याच्या कॉलेजात ऐकलाय, भाड्याचं घर बघताना ऐकलाय. आडनाव कळलं की जात कळते, आणि मग समोरच्याचा चेहरा बदलतो. म्हणून तर आडनाव काढून टाकून बाबांचं नाव लावते. इथे आखातातसुद्धा, अकरा वर्षं.

बाबांचं नाव सांगितलं. तर म्हणते, "ते एका माणसाचं झालं. त्याच्या आधीचे?"

काय झालं मला कोण जाणे, सांगून टाकलं आडनाव. तिने माझे दोन्ही हात धरले आणि ते मोठ्याने उच्चारलं, दोनदा. इतक्या मायेने ते आमच्या घराबाहेर कधी कुणी घेतलं नव्हतं.

आणि मी? मी मागे वळून बघत होते, रांगेतल्या कुणा मराठी माणसाने ऐकलं तर नाही ना.