आईंचं पिवळं पाकीट

प्रिय चिंगी,

कागदावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते, इथे सगळे बरे आहेत. आई बऱ्या आहेत, तुझा दादा बरा आहे, मीही हिंडतेफिरते आहे. शेजारची शिंपीणबाई तिच्या लेकीकडे परदेशी, तुझ्याच शहरात निघाली आहे. तिच्या हाती हे देते आहे. मेल का केली नाही, ते वाचता वाचता कळेलच.

आपला कॉम्प्युटर अजून तिथेच आहे, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या बोळात, आणि अजून तिघांत एकच. माझी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं त्याच्यावर येतात, दादाच्या लिफ्टच्या तक्रारी त्याच्यावर येतात आणि आईंना तुझ्या मेल. पूर्वी नवी मेल आली की सांगणारा एकच नोटिफायर होता आणि तो एकाच खात्यावर नजर ठेवायचा. शेवटी जो बसला असेल त्याचंच खातं तिथे राहायचं. एकदा दादा तसाच उठून गेला आणि थोड्या वेळाने आईंनी पडद्यावर वाचलं, ‘लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, ताबडतोब या.’ बिचाऱ्या चपला घालून दारापर्यंत पोचल्या होत्या. त्यानंतर दादाने एक सुट्टी खर्ची घालून त्याच नोटिफायरच्या तीन वेगळ्या प्रती बसवल्या. प्रत्येकीला आपलं खातं, आपला रंग, आपला आवाज. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी तीन छोटी पाकिटं दिसायला लागली. माझं लाल, ते टकटक करतं. दादाचं निळं, त्याला भोंगा. आईंचं पिवळं, त्याला बारीक घंटी. मेल आली की कोपऱ्यात चौकट उघडते, तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिली ओळ दिसते.

घंटी वाजली की आई हात पुसत येतात, मी खुर्ची सोडते, आणि तू काय लिहिलंस ते त्या मोठ्याने वाचतात. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या खडूस घरमालकिणीचे किस्से वाचताना तर त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागतात. घरात त्या एवढ्या दुसऱ्या कशालाच हसत नाहीत.

मग मध्यंतरी एका सकाळी मी भूगोलाचं प्रुफ तपासत बसले होते आणि भोंगा वाजला. मी न बघण्याचा प्रयत्न केला, पण चौकट नाकासमोरच उघडते गं. तुझं नाव होतं. खाली ओळ होती, ‘दादा, आईला यातलं काहीही कळू देऊ नकोस.’ बस्स, तेवढंच. मी ती उघडली नाही. तुझी नोकरी गेली की घर मोडलं, काय काय मनात आलं. आई दोन हातांच्या अंतरावर बसून चहा गाळत होत्या आणि विचारत होत्या, कुणाची गं मेल? मी म्हटलं, लिफ्टवाल्यांची.

दादा संध्याकाळी आला, मेल वाचली आणि तशीच बंद केली. जेवताना भाताशी खेळत राहिला. मी वाट पाहत राहिले, की आता सांगेल, मग सांगेल. त्या दिवसांत माझं मलाच कळेनासं झालं होतं. माझ्याच लाल पाकिटाने टकटक केली तरी मी दचकायचे. छापखान्याने एक प्रुफ परत पाठवलं, मी एका नदीचा उगम समुद्रात करून ठेवला होता.

आणि मग घंटी वाजेनाशी झाली. आई येता-जाता विचारायच्या, चिंगीचं काही? मी म्हणायचे, कामात असेल. एक दिवस माझं लक्ष गेलं, कोपऱ्यात पाकिटं दोनच होती. पिवळं नव्हतंच. मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, आईंचा नोटिफायर तू बंद केलास का? त्याने नळ मोठा सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि मग सगळं सांगितलं. तुझ्या हृदयाची झडप. बाबांना होतं तेच. ऑपरेशन ठरलं आहे. तू त्याला खरं लिहितेस आणि आईंना घरमालकिणीचे किस्से. मी म्हटलं, पण घंटी का बंद केलीस? तर तो म्हणाला, “ती खोटं लिहिते आणि आई ते वाचून हसते. मला ते बघवत नाही.”

त्याच्यावर रागावू नकोस. मलाही रागावता आलं नाही. पण त्या दिवसापासून आईंच्या नजरेला नजर देणं मला जड जायला लागलं. भाजी निवडायला बसलो तरी मी उगाच बडबडत राहायचे.

असं किती दिवस चालणार होतं? गेल्या आठवड्यात दादा कामावर गेल्यावर आई येऊन माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. पडद्यावर जिथे पिवळं पाकीट असायचं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे चालू कर. मी म्हटलं, बिघडलंय. त्यांनी बोट काढलं नाही. मी चालू केलं. साठलेल्या मेल एकामागून एक आल्या आणि घंटी थांबेचना.

त्यांनी सगळ्या वाचल्या, पहिलीपासून, मनातल्या मनात. घरमालकीण होती, तिची मांजर होती, सगळं होतं. आई हसल्या नाहीत. सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलेलं ते माणूस. पुन्हा एकदा पहिल्या मेलवर जाऊन वाचलं आणि म्हणाल्या, “ही आडवी पडून लिहितेय.” मी विचारलं, कशावरून? म्हणाल्या, भर दुपारी लिहिते, कामावर असायच्या वेळी. आणि पूर्वी हिचं एकेक वाक्य संपता संपायचं नाही, आता चार शब्दांत दम लागतो. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, “पोट की हृदय?”

माझ्या तोंडून निघून गेलं, हृदय.

त्या रडल्या नाहीत. कुठलं हॉस्पिटल, कधी, किती वेळ चालणार, एवढं विचारलं. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग त्यांनी तुला उत्तर लिहिलं, तुला मिळालंच असेल, मांजरीची चौकशी करणारं. मी म्हटलं, आई, आता तरी खरं लिहा. तर म्हणाल्या, लपवून तिला बळ येत असेल तर ते मी काढून घेणार नाही. दादाला सांगायलाही मला बंदी केली. त्यामुळे आता या घरात तुझी काळजी तीन माणसं तीन कोपऱ्यांत करतात, आणि जेवायला बसलो की हवापाण्याच्या गप्पा मारतात. मला हे झेपत नाही गं.

म्हणून हे पत्र. आईंना आणि दादाला, दोघांनाही न विचारता लिहिते आहे. मेल केली असती तर तुझं उत्तर आलं की त्याची पहिली ओळ त्या चौकटीत साऱ्या घराला दिसली असती. आईंनी पासपोर्ट काढून ठेवला आहे. पेन्शनच्या कामाला लागतो, असं दादाला सांगितलं. बॅग भरून पलंगाखाली ढकलली आहे. पण तू बोलावल्याशिवाय त्या निघणार नाहीत. काल केस विंचरताना आपणहून सांगत होत्या, बाबांना आत नेलं तेव्हा नातेवाईक म्हणून त्यांना त्यांच्याच थिएटरच्या दाराबाहेर बसवलं होतं. बाबा आत जाताना मान वळवून शोधत होते, आणि आई कोपऱ्यातल्या बाकावर होत्या, त्यांना दिसल्याच नाहीत. “चिंगीला आत नेतील तेव्हा मी तिला दिसेन अशा जागी उभी राहीन,” असं म्हणाल्या आणि वेणी घालायला लागल्या. तू घाबरली असशील, आम्हीही घाबरलो आहोत. पण ऑपरेशनच्या आधी त्यांना एक ओळ लिही. किस्सा नको, मांजर नको. नुसतं लिही, आई, ये.

तुझीच,
वहिनी